मॅलकीची टोपी

मॅलकी डेव्हनीवर माझी पहिल्यापासून नजर होती. आमच्या दवाखान्यासमोरचा रस्ता तो वीसेक वर्षं झाडत होता, पण तेवढ्याने कुणी साव ठरत नाही.

गर्भपातासाठी येणाऱ्या बायकांचा हा दवाखाना, आर्माकडच्या आमच्या छोट्या गावातला. मी दाराजवळच्या टेबलाशी बसते. पूर्वी समोर फलक आणि जपमाळा घेतलेली माणसं उभी असत. एकदा त्यांनी एका रडणाऱ्या बाईच्या हातात प्लास्टिकचं इवलं बाळ कोंबलं होतं. मग कायदा आला, दवाखान्याभोवती हद्द आखली गेली. हद्दीत कुणी येणाऱ्या बाईला अडवायचं नाही, तिच्यावर दडपण आणायचं नाही. माणसं गेली. मॅलकी उरला.

आणि हा गडी रोज दुपारी बाराला नेमका आमच्या दारासमोर थांबायचा. झाडू भिंतीला टेकवायचा, टोपी काढायचा आणि मान खाली घालायचा.

"हे निषेधाचं नवं नाटक दिसतंय," आमचा रखवालदार क्लिफर्ड म्हणाला.

"चर्चची घंटा झाली ना!" मी म्हटलं. "आम्हा कॅथलिकांत बाराला जिथे असू तिथे थांबून मेरीची प्रार्थना म्हणतात."

"आमच्यात बाराला चहा पितात." क्लिफर्ड प्रोटेस्टंट. सारा जन्म याच गावात गेला, पण ती घंटा कशाची हे त्याला साठीला आल्यावर कळलं.

मला ते ठाऊक होतं, म्हणूनच संशय जास्त. माझे वडीलही बटाटे काढता काढता थांबायचे. पण ते शेतात. याला बरं आमचंच दार सापडलं!

एका मंगळवारी हिरव्या कोटातली एक मुलगी दारापर्यंत आली. गर्भपाताची तिची कायदेशीर मुदत त्याच आठवड्यात संपत होती. तेवढ्यात घंटा झाली, मॅलकीने टोपी काढली. मुलगी जागीच थिजली आणि आली तशी माघारी फिरली.

मी तरातरा बाहेर गेले. "झालं समाधान?"

"कसलं गं, ब्रोना?" मॅलकीने डोळे उघडले.

"ती पोर तुम्हाला बघून पळाली. काय मागत होतात देवाकडे? आमचं दार बंद पडू दे म्हणून?"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "पोरी, आता मनातल्या मनात काय म्हणायचं, त्यालाही हद्द का?"

"तुमच्या मनात काय आहे ते तिला कसं कळणार?" मी म्हणाले.

तो टोपी हातात फिरवत राहिला. "तुमचं काम मला पटत नाही. खोटं कशाला बोलू? पण माझी कचऱ्याची गाडी या वेळी इथवरच येते, म्हणून इथे थांबतो. माझ्या भीतीने कुणी पळावं असं मला कधी वाटलं नाही. गेली कुठे ती?"

"बसथांब्यावर."

"मी गेलो तर आणखी घाबरेल. तू जा. लवकर जा, बस येईल."

मी धावले. मुलगी बाकावर रडत बसली होती. मी तिचा हात धरून तिला मागच्या दाराने आत आणलं. तिचं काम झालं. तरी मॅलकीवरचा माझा संशय काही जाईना. गोड बोलणारी माणसं मी फार पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा मी खिडकीशीच होते. मॅलकी थांबला नाही. टोपी डोक्यावर, दोन्ही हात झाडूवर, खाली बघून झाडतोय.

"सुधारला म्हातारा," क्लिफर्ड म्हणाला. "आता तरी बस जागेवर."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी पडदा सरकवला, लांबचा चष्मा लावला आणि त्याचे ओठ हलतायत का, ते बघू लागले.

मॅलकीने वर पाहिलं. त्याला मी दिसले. त्याने गळ्यातला मफलर तोंडावर ओढला आणि पुन्हा झाडायला लागला.