अण्णांचा टॅब आणि माझा बांध

संशय हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. दूधवाल्याचं दूध, डॉक्टरची गोळी, पाहुण्यांचं न कळवता येणं, सगळ्याकडं आम्ही एक डोळा बारीक करूनच बघतो. त्यामुळं पंचाहत्तरीच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जेवता जेवता "मला टॅब पायजे" असं जाहीर केलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"अण्णा, तुमच्याकडं मोबाईल हाय. घरात माझा लॅपटॉप हाय. टॅब कशाला?"

"मोबाईलवर लई बारीक दिसतंय. लॅपटॉप मांडीवर घेतला की मांडी भाजती. मधलं काय तरी पायजे."

"पण बघायचं काय हाय तुम्हाला?"

"बघायचं हाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कढी भुरकली.

अंगठा तुटल्याशिवाय नवी चप्पल न घेणारा हा माणूस! शिवाय टॅब म्हणजे काय? मोबाईलपेक्षा मोठा म्हणून खिशात मावत नाही, लॅपटॉपपेक्षा लहान म्हणून कामाला येत नाही. मी हे सगळं बायकोला, सुनंदाला, पटवून दिलं. ती म्हणाली, "अहो, खरं सांगा. अण्णांच्या नावावर तुम्हालाच पायजे न्हाय का?" (कुळाचार तिनं लग्नानंतर पंधरा दिवसांतच उचलला होता.)

शेवटी धाराशिवला गेलो. खोक्याचं सील चारी बाजूंनी तपासलं, दुकानदाराचा चेहराही तपासला. "खातं कुणाचं टाकू?" त्यानं विचारलं. मी झटकन म्हणालो, "माझंच टाका!" म्हणजे अण्णा टॅबवर काय काय धुंडाळतात, ते मला बसल्या जागी मोबाईलवर दिसणार! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी येताना अर्धा किलो पेढे घेतले.

दुसऱ्याच दिवशी अण्णा टॅब बगलेत मारून रानात गेले. मी मागोमाग. बघतो तर लिंबाच्या झाडाखाली अण्णा आणि दौलततात्या डोक्याला डोकं लावून बसलेले!

तात्या आमच्या रानाचे शेजारी, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. पण सात वर्षांमागं दोघांची बांधावरून जुंपली आणि बोलणं बंद झालं. "माझा बांध तू गिळलास," असं तात्या म्हणायचे. "म्या वीतभर जरी कोरला असंल तर आई तुळजाभवानी बघून घील," असं अण्णा म्हणायचे. आणि तेच दोघं आज एका टॅबवर!

मी पळत घरी आलो. "सुनंदे, घात झाला! टॅबवर नुसत्या बोटानं सही होती म्हणं. तात्या अण्णांकडून रान लिहून घ्यायला लागलेत!"

"घेऊ द्या की. तुम्हाला एवढा घाम का फुटलाय?"

(घामाचं कारण असं, की अण्णांचे गुडघे गेल्यावर शेती माझ्याकडं आली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात नांगरट करताना मी ट्रॅक्टरवाल्याला हळूच सांगत आलोय, "जरा बांधाला खेटून घे." वर्षाला वीतभर. जास्त नाही हो, वीतभरच!)

चहाची किटली घेऊन मी परत रानात गेलो. मला बघताच अण्णांनी टॅब पालथा घातला. पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. आमचं रान, आभाळातून काढलेलं! लिंबाचं झाड, विहीर, आणि मधून गेलेला बांध.

किटली तिथंच ठेवून मी गोठ्यामागं गेलो, मोबाईल काढला आणि टाईप केलं, "कोरलेला बांध आभाळातून दिसतो का". समाधान होईना. मग "वीतभर कोरलेला दिसतो का". मग "सात वेळा वीतभर कोरलेला". शेवटी "वडिलांचा टॅब गुपचूप बंद कसा करावा".

तेवढ्यात हाक आली. "बाळू, हिकडं ये रं!"

गेलो. अण्णांनी चष्मा पुसला. "बांधाचा निकाल आभाळातूनच लावू म्हणून म्याच दौलतला बोलावलंय. पर ह्यात परत आपलं बेंबळी गाव शोधाया बोट लावलं, तर खाली ह्ये काय यायला लागलंय?" आणि त्यांनी पहिलीतल्या पोरागत एकेक अक्षर लावून माझे चारही प्रश्न मोठ्यानं वाचले.

ज्या खात्यातून मला अण्णांचं दिसणार होतं, त्याच खात्यातून अण्णांना माझं दिसत होतं!

"म्या न्हाय बाबा इचारलं," तात्या म्हणाले.

"म्या बी न्हाय," अण्णा म्हणाले. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

टॅबवर आमचा बांध दिसत होता. लिंबापर्यंत दोरी धरल्यागत सरळ, आणि पुढं आमच्या बाजूनं तात्यांच्या रानात शिरलेला, जेवण जास्त झालेल्या माणसाच्या पोटासारखा.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते तात्यांकडं वळून हळूच म्हणाले, "दौलत, सात वर्सं म्या देवीची शपथ खाल्ली रं. तुला खोटं पाडलं." तात्यांनी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या सात वितांपायी दोन म्हाताऱ्यांनी सात वर्षं एकमेकांशिवाय काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन बांध जागच्या जागी न्यायला लागलो. लिंबाखाली टॅब, टॅबसमोर दोघं जण आणि मध्ये माझे पेढे.

"अजून वीतभर आत घे!" अण्णा ओरडले.

"अण्णा, तिथं बरुबर हाय की!"

"तुझ्यावर इस्वास न्हाय. टॅब म्हंतोय आत घे!"

आता गावात कुणी ना कुणी विचारतंच, "मोबाईल हाय, लॅपटॉप हाय, मग टॅब घ्यावा का वो?" मी हाताचे फोड लपवत एवढंच विचारतो, "तुमचा बांध सरळ हाय का?"