बाबलबुवांची ती डबलबारी

बाबलबुवा त्या दिवशी हरले नव्हते.

सहा वर्षं हे वाक्य तोंडात धरून बसलोय. काल सकाळी बुवा गेले. त्यांनी घातलेली शपथ त्यांच्याबरोबरच संपली असं मी धरून चालतोय. चुकत असेन तर वर गेल्यावर शिव्या खाईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाबलबुवा म्हणजे आमच्या गावचे भजनी बुवा. माइक बंद पडला तरी ज्यांचा कार्यक्रम चालू राहायचा, असा आवाज.

मी त्यांचा शेजारी. सावंतवाडीत सायकल रिपेअरिंगचं दुकान आणि डोक्यात माउंटन बाइकचं खूळ.

आम्हा आठ-दहा जणांना गावात ट्रेल, म्हणजे सायकलींसाठी उताराची वाट, करायचा होता. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाली ओहोळापर्यंत. दर रविवारी पिकाव, फावडी, घमेली घेऊन निघायचो. दुपारी काजीच्या झाडाखाली पेज आणि भाजलेला सुका बांगडा. त्यापेक्षा चविष्ट जेवण मी नंतर जेवलेलो नाही, खरंच सांगतो.

पहिल्या रविवारी बुवा नुसते बघायला आले. माझी बाइक उलटसुलट करून बघितली.

"मडगार्ड नाय, कॅरिअर नाय. आणि ह्येका इतके पैशे? तुका कोणीतरी फसवल्यान रे."

दुसऱ्या रविवारी स्वतःचा पिकाव खांद्यावर टाकून हजर.

अडचणी दोन होत्या. ओहोळावर लाकडी साकव घालायला पैसे नव्हते. आणि मधे गुणाजीबुवांची काजीची बाग होती. बागेच्या कडेची चिंचोळी पट्टी मिळाली नाही तर सगळी मेहनत पाण्यात, कारण दुसऱ्या बाजूला सरळ कडाच.

गुणाजीबुवा हे गावातले दुसरे भजनी बुवा. आधी बाबलबुवांच्याच मंडळात होते. मग भांडण झालं आणि त्यांनी वेगळं मंडळ काढलं. वीसेक वर्षं दोघांत बोलणं नाही.

आम्ही विचारायला गेलो तर दारातूनच म्हणाले, "बाबलाच्या माणसांका माझ्या बागेत पाय ठेवूक दिवचंय नाय."

परत येऊन बाबलबुवांना सांगितलं. त्यांनी पान लावून तोंडात टाकलं.

मग म्हणाले, "साकवाच्या पैशांसाठी डबलबारी ठेवया. तेका सांग, समोर मी आसतलंय. येतलो तो."

डबलबारी म्हणजे दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर. भजनातून सवाल, भजनातूनच जवाब, आणि अधूनमधून एकमेकांची यथेच्छ उतरवणं.

गुणाजीबुवा आले. मानधन नको म्हणाले.

रविवारी दुपारी चार वाजता, शाळेच्या पटांगणात. इन्सुलीपासून देवबागपर्यंतची माणसं लोटली होती. तिकिटांवरच साकवाचं लाकूड सुटलं.

मी बाबलबुवांच्या मागे झांज घेऊन बसलेलो. काय रंगली होती बारी! बुवा एकेक सवाल परतवत होते.

शेवटचा सवाल गुणाजीबुवांचा. रामाचा सेतू बांधणाऱ्या नळाचा बाप कोण?

मी निर्धास्त झालो. हे तर बुवांना झोपेतून उठवून विचारलं तरी येईल.

बाबलबुवांनी पेटीवरचा हात उचलला.

"ह्येचा उत्तर माझ्याकडे नाय. बारी तुमची, बुवा."

 पुढच्या रांगेतली एक म्हातारी उत्तर सांगायला लागली, तिला सुनेनं गप्प केलं. गुणाजीबुवा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, जिंकल्याचं हसू लपवताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजीबुवांनी स्वतःच्या हातानं बागेचं कुंपण मोडून दिलं. ट्रेल झाला. साकव झाला. आज गावातल्या मुली त्यावरून माझ्यापेक्षा सुसाट जातात.

बाबलबुवांना मात्र डबलबारीची एकही सुपारी परत आली नाही. "बुवा थकलो, आता तेका आठावणा नाय," असं मी बाजारात ऐकलं. त्यांनीही ऐकलं.

एकदा मी चिडून विचारलंच.

"नळाचो बापूस विश्वकर्मा. नीळाचो अग्नी. आजून काय इचारतलंस?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमका वाट होई होती मां? तेका जिंकाक दिलंय, मगे तो नाय म्हणाक नाय. आणि मी जितो आसय तवसर खंय बोललंस तर माझी शपथ आसा."

काल गुणाजीबुवा स्मशानात आले होते. एका कडेला एकटेच उभे. मला राहवलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, "बुवा, त्या दिवशी त्यांना उत्तर येत होतं."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "ता उत्तर तेनाच माका शिकवल्यान. आमी एका मंडळात होतो तेवा."

"मग तोच सवाल का घातलात?"

"तेका येता म्हणानच घातलंय. तेना जिंकूक होया होता. तो जिंकलो आसतो तर मी उठान तेच्या पाया पडतलंय होतंय. थयच, सगळ्यांसमोर."



म्हणजे दोघंही हरायलाच बसले होते. आणि त्यानंतर सहा वर्षं दोघं एकाच दुकानात दूध घेत होते, "काय, बरा मां?" एवढंच विचारून आपापल्या घरी जात होते. मी एकदा तोंड उघडलं असतं तर एका बाकड्यावर बसले असते. शपथ पाळली म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो. आज स्वतःचा भयंकर राग येतोय.

"ह्या फेसबुकार घाल," गुणाजीबुवा म्हणाले. "माझ्या नावासकट घाल."

घातलं.

बाराव्याला बाबलबुवांच्या अंगणात गुणाजीबुवा भजनाला बसणार आहेत. सगळ्यांनी या. समोर दुसरं मंडळ नसेल. ती जागा मोकळी ठेवायला त्यांनी सांगितलंय.

बुवा, भरल्या मनानं तुम्हाला शेवटचा नमस्कार.