हमीदमियाँ मांजराशी बोलायचे

तीन पुरुष, एक भाड्याचं घर आणि घरात बाईमाणूस कुणी नाही, म्हणजे किस्से साठायला वेळ लागत नाही. ऐकायला कुणी नसतं ना, म्हणून साठतात!

निजामाच्या अमलात नळदुर्गला आम्ही तिघं एकत्र राहायचो. मी शाळामास्तर, बसप्पा आडतीवर मुनीम आणि हमीदमियाँ जकातनाक्यावर कारकून. दिवस गडबडीचे. मी आणि बसप्पानं बायकापोरं हद्दीपलीकडं सोलापूरला धाडली होती. हमीदमियाँचं घर तर लांब हैदराबादला. संध्याकाळी तिघं तीन कोपऱ्यांत जेवायचो. "मीठ द्या," एवढंच बोलणं!

*

एके दिवशी परसातल्या कडब्यात काहीतरी गुरगुरलं. बसप्पानं हात घातला आणि ओरडतच बाहेर काढला. मनगटावर रक्त.

"मास्तर, आत वाघ हाय!"

कडबा उपसला. आत मुठीएवढं मांजराचं पिल्लू, पाठीची कमान करून फिस्कारत होतं. आई कुठंच नव्हती.

*

पिल्लू पक्कं रानटी. माणूस दिसलं की रांजणामागं. बसप्पा कानडीत बोलवायचा, "बा, बा!" मी म्हणायचो, "ये, ये." हमीदमियाँ उर्दूत म्हणायचे, "आजा बेटे!" तिन्ही भाषा फुकट.

शेवटी हमीदमियाँ वैतागले, "मास्तर, इसकू सरकारी जबान भी नक्को!"

त्या घरात आम्ही तिघं मिळून पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

*

मग हमीदमियाँनीच युक्ती काढली. ड्यूटीवरून आले की दुधाची वाटी मागं ठेवायची, पिल्लाकडं पाठ करून बसायचं आणि हळू आवाजात बोलत राहायचं. बघायचं मात्र नाही. वाटी रोज थोडी जवळ सरकायची. पिल्लूही सरकायचं.

बोलणं सगळं घरचं. धाकट्या मुलीला आपला चेहरा आठवत नसेल, असं एकदा म्हणाले. त्यांना मुलगी आहे, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. मांजराला माहीत होतं!

*

अंगावर मात्र ते पहिल्यांदा चढलं बसप्पाच्या. सकाळी डोळे मिटून लिंगपूजेला बसला होता, तर मांडीवर जाऊन झोपलं. पूजा संपली, पण गडी उठेना! आडत उघडली नाही म्हणून सावकार तणतणत घरी आले.

बसप्पा कुजबुजला, "सावकार, हळू बोला की. झोपलंय!"

*

पुढं राज्य बदललं. काही दिवसांनी नाकाही उठला. हमीदमियाँ मोटारीनं हैदराबादला निघाले. बसप्पानं मांजर टोपलीत घालून मोटारीपाशी आणलं.

"तुमीच न्या. तुमचंच ऐकतंय."

"नक्को, बसप्पा. मेराच ठिकाना नई."

मोटार सुटेपर्यंत त्यांचा हात टोपलीवरच होता.

घरी आल्यावर मांजर दुधाला तोंड लावेना. पाठीची हाडं दिसायला लागली. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "मियाँ त्याला खिमा आणायचे. बसप्पाला चालायचं न्हाय म्हणून बाहेर चिंचेखाली चारायचे."

बसप्पा तडक उठला. जन्मात मटणाला न शिवलेला माणूस, खाटकाच्या गल्लीतनंसुद्धा कधी गेलेला नाही. उपरणं नाकाला लावून दुकानापुढं जाऊन उभा राहिला. मी मागं.

खाटीक बघतच राहिला. "मुनीमजी, तुम्ही? कुणासाठी?"

बसप्पानं उपरणं खाली केलं.

"हमीदमियाँचं लेकरू हाय आमच्याकडं."