उकळत्या पाण्यातला मीटर

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस काशीत दुसरा झाला नसेल. ज्या गावात दर दहा पावलांवर कुणीतरी मोक्षाची हमी देतं, तिथे राहून त्यांनी आयुष्यात एकाही हमीवर विश्वास ठेवला नाही. पाठशाळेत ते न्यायशास्त्र शिकवत, आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही हे विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनीच जास्त मनावर घेतलं होतं. पंचगंगा घाटावर एकदा ‘गंगा निर्मळ झाली’ असा फलक लागला आणि त्याच्या अनावरणाला बरीच मोठी माणसं आली. मामा गर्दीतून पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी घेऊन निरखलं, पुन्हा नदीत सोडलं आणि भाषणं चालू असतानाच घरी आले.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी डिझेल पिकअप घेतली. लग्नकार्याची मोठी भांडी वाहायला, असं कारण त्यांनी दिलं. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं, म्हणून गाडी गंगेपलीकडे रामनगरला एका ओळखीच्याच्या आवारात राहायची आणि मामा नावेतून तिला भेटायला जायचे. पहिल्याच उन्हाळ्यात ती भर रस्त्यात वाफा सोडत बंद पडली. इंजिन भाजत होतं आणि समोरचा उष्णतेचा काटा मात्र मधोमध शांत उभा होता. मामांना इंजिनपेक्षा त्या काट्याचा राग आला. “कंपनीचा काटा म्हणजे दरबारी पंडित,” ते म्हणाले. “राज्य बुडेपर्यंत ‘सब ठीक’ म्हणणार.”

तेव्हापासून बाजारातून वेगळे मीटर आणून बसवायचा ध्यास सुरू झाला. पाण्याच्या उष्णतेचा एक, तेलाच्या दाबाचा एक, टर्बोचा एक. आकडे दाखवणारा डिजिटल त्यांना नको होता. “आकडा नुसता किती ते सांगतो. काटा कुठे निघालाय ते सांगतो.” विजेवर चालणाराही नको, कारण बनारसच्या विजेचा त्यांना अनुभव होता. उष्णतेचा मीटर आणला की त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होई. मीटरच्या तांब्याच्या लांब नळीच्या टोकाचा गोळा भाताच्या आधणात सोडायचा आणि काटा शंभरावर जातो का ते पाहायचं.

“अहो, माझ्या सोवळ्याच्या पातेल्यात मोटारीचं काय बुडवता?” मामी ओरडायच्या.

“अग्नी आणि पाणी दोन्ही आहेत. याहून शुद्ध काय हवं?”

पहिला मीटर नव्वदावरच अडला. तो परत गेला. दुसरा शंभराच्या पुढे धावला, तोही गेला. पुढे पुढे तर सगळेच परत जाऊ लागले. दुकानदार हात जोडून म्हणायचा, “गुरुजी, आप मीटर लेने आते हैं कि शास्त्रार्थ करने?”

या सगळ्यात मामींचं माहेर अडकलं होतं. त्यांचे थोरले भाऊ मध्य प्रदेशात सागरला अंथरुणाला खिळले होते. मीटर बसले की मामींना स्वतः गाडी चालवत सागरला न्यायचं, असं मामांनी कबूल केलं होतं. आगगाडी होती, पण मामींनाही तेच हवं होतं. “एकदा दादासमोर यांच्या गाडीतून उतरायचंय,” त्या म्हणायच्या, आणि नवा मीटर आला की कुरकुरत का होईना, पातेलं स्वतःच काढून द्यायच्या.

हिवाळ्यातल्या एका सकाळी नवा मीटर आला. मोठ्या तबकडीचा, पांढऱ्यावर काळा काटा. मामांनी गोळा आधणात सोडला, तबकडी हातात धरली. पाण्याला खळखळून उकळी फुटली. काटा सावकाश चढला आणि बरोबर शंभरावर थांबला. मामींनी पाहिलं, मी पाहिलं. मामींचा चेहरा एकदम उजळला.

मामांनी तबकडी नाकाजवळ नेली, खिडकीकडे फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

“हलला नाही,” ते म्हणाले. “हाही बेकार.”

मी तोंड उघडणार, तोच मामींनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्या मामांकडे पाहत होत्या. मग पदराने त्यांनी चष्म्यावरची वाफ पुसली, स्वतःच्या नव्हे, मामांच्या. आता तरी काटा दिसतो का, म्हणून क्षणभर थांबल्या. मामा तसेच तबकडीवर वाकलेले होते.

“बेकारच आहे,” मामी म्हणाल्या आणि गॅस बंद केला. “जावईबापू, देऊन या परत. आणि हे बघा, मला काही सागरची घाई नाही. थंडी फार असते तिकडे.”

मी तो मीटर परत दिला. आजवर दुकानात गेलेला सगळ्यात खरा मीटर तोच असावा.

दादा त्याच हिवाळ्यात गेले. मामी आगगाडीने जाऊन आल्या. गाडी अजून रामनगरला आहे. डॅशबोर्डात मीटरसाठी आधीच पाडून ठेवलेल्या भोकांत चिमण्या काड्या आणून ठेवतात. मामा आता नावेत चढताना मामींचा हात धरतात आणि म्हणतात, “हिला पाण्याची भीती वाटते.” मामी म्हणतात, “हो ना.”