गोलपोस्टचा वाटा

आमच्या कॉलेजचा फुटबॉल तीन वर्षं एका कोळणीच्या जिवावर चालला, आणि फुटबॉल म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्या संघात डावा बचावपटू होतो. मलाही फारसं कळलेलं नव्हतं, पण माझ्याकडे बूट होते.

भागुबाई रेवसजवळच्या कोळीवाड्यातली. नवरा गुणाजी एक्कावन्न साली मासळीला गेला. सात गेले, सहा आले. आमच्याकडे मासळीचे वाटे पडतात. माणसाला एक, होडीला एक, जाळ्याला एक. गेलेल्या माणसाचा वाटाही हंगामभर त्याच्या घरी पोचवतात. भागुबाईच्या घरी तो पोचला, मग हंगाम संपला. ती ओले बोंबील विकत घेऊन सुकवायला लागली.

बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडवाला वलांडी म्हणतात. तिची वलांडी किनाऱ्याजवळच्या रेताड पट्ट्यावर होती. बासष्ट साली तिथंच कॉलेज आलं आणि तो पट्टा मैदान झाला. बांबू उपटले गेले आणि दोन्ही टोकांना गोलपोस्ट उभे राहिले. सकाळी भागुबाईनं ते पाहिले. दोन खांब, वर आडवा वासा, लाकूड सागाचं. जुनी मोडली म्हणून सरकारनं पक्की वलांडी बांधून दिली, असं तिनं धरलं. सरकारबद्दल इतकं चांगलं मत त्या वेळी अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचं नसेल. दुपारपर्यंत एका गोलात दोऱ्या ताणल्या गेल्या आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या लोंबायला लागल्या.

जिमखान्याचा कारकून हरेश्वर धावत गेला. "हे काय चालवलंय? हे लाकूड कॉलेजचं आहे!"

"मंग मी कुटं माजं म्हनतंय?" भागुबाई म्हणाली. "लाकूड तुमचा, बोंबील माजं. बारा जोड्यांमागं एक जोडी लाकडाची. घेवा आनि गप ऱ्हावा."

आठ दिवसांनी तिनं लाकडाचा वाटा खरंच हरेश्वरच्या टेबलावर आणून ठेवला. हिशेबाच्या वहीत त्याला खातं नव्हतं. हरेश्वरनं ते बोंबील बाजारात विकले आणि पैसे 'फुटबॉल, किरकोळ देणगी' म्हणून लिहिले. तोवर फुटबॉलच्या खात्यात काही लिहायची वेळच आली नव्हती. जिमखान्याची फी क्रिकेट खायचं, कारण प्राचार्य क्रिकेट खेळलेले होते. त्या देणगीतून चेंडू आला आणि मग बूट आले, अकरा जणांत सात जोड. एक गोल भागुबाईचा आणि एक आमचा, असं ठरून गेलं. त्यामुळे आम्ही तीन वर्षं एकाच गोलवर सराव केला.

पासष्ट साली प्राचार्यांनी नोटीस लावली. विद्यापीठाच्या स्पर्धेला संघ पाठवणार असाल तर फुटबॉल राहील, नाहीतर दिवाळीनंतर गोलपोस्ट काढून तिथं क्रिकेटची खेळपट्टी होईल. हरेश्वरनं आकडे मांडले. प्रवेश फी दहा, अनामत पंचवीस, बारा माणसांचं लाँचचं जाणंयेणं तीस, पावमिसळ वगैरे पंधरा. एकूण ऐंशी. शिल्लक एकतीस.

गोलपोस्ट जाणार हे भागुबाईला कळलं. दुसऱ्या जागेची ऐपत तिच्याकडे नव्हती आणि आमच्याकडे दुसरा खेळ नव्हता. तिनं हंगामाचा पहिला सगळा माल विकला आणि एकोणपन्नास रुपये हरेश्वरपुढे ठेवले.

"उसनं न्हाय देत," ती म्हणाली. "जाळ्यात पैसा घातलाय. येल त्यात माजा वाटा."

"भागुबाई, फुटबॉलमध्ये काही येत नाही हो," आमचा कप्तान अनंता म्हणाला.

"दर्यात तरी रोज कुटं येतंय?"

आम्ही मुंबईला गेलो आणि अकरा गोलांनी हरलो. पूर्वार्धात तीनच झाले होते. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे आम्हाला तिथं कळलं. पण मैदानावर हजर राहिलो म्हणून अनामतीचे पंचवीस रुपये परत मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या लाँचनं आम्ही भाऊच्या धक्क्यावरून निघालो.

रेवसच्या धक्क्यावर भागुबाई उभी होती. बरोबर रिकामी टोपली होती. वाटा घ्यायला आली असणार, म्हणून अनंता माझ्या मागं लपला. तिनं कोण जिंकलं ते विचारलं नाही. बोट करून एकेकाला मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अकरा," ती म्हणाली. "बारा गेलंव. एक कुटं हाय?"

आम्हीही एकमेकांना मोजायला लागलो. तिनं टोपली टाकली आणि अनंताची गचांडी धरली. "एक कुटं ठेवलाव रं? बोल ना! कुटं ठेवलाव?" तीन वर्षांत तिचा आवाज कधी चढलेला आम्ही ऐकला नव्हता. त्या आवाजानं धक्क्यावरचे हमाल थांबले. मला तेव्हा फार भीती वाटली.

लाँचमधून हरेश्वर बाहेर आला. खर्चाला जोडायला हवीत म्हणून तो सगळ्यांची तिकिटं बाकांखालून गोळा करत होता. भागुबाई त्याला पाहून धक्क्यावर खालीच बसली. मग उठून तिनं त्याला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत.

पंचवीस रुपयांचे तिथंच चौदा वाटे पडले. आमचे बारा, चेंडूचा एक, भागुबाईचा एक. रक्कम कॉलेजची आहे, असं हरेश्वर पुटपुटला, पण तिच्यासमोर मोठ्यानं म्हणाला नाही. एक रुपया अठ्ठ्याहत्तर पैसे तिनं कनवटीला लावले. मग टोपली उचलून ती घरी गेली.

संघ जाऊन आला, त्यामुळे गोलपोस्ट राहिले. पुढच्या आठवड्यात लाकडाचा वाटा टेबलावर आला तेव्हा हरेश्वरनं जोड्या मोजल्या आणि बाराला एकऐवजी दोन निघाल्या.

"भागुबाई, बारामागं एक जोडी जास्त आली," तो म्हणाला.

"जास्त न्हाय," ती म्हणाली. "तुमी समदी जनं परत आलंव ना."