तीन ढिगांतला एक बटाटा

देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात चहूकडे ऊस आणि मध्येच आमचे बटाट्याचे वाफे. इकडच्या उन्हात टिकेल असं नवं वाण शोधायचं माझं काम. दोन जातींच्या संकरातून मिळालेल्या बियांचं प्रत्येक झाड वेगळं निघतं, सख्ख्या भावंडांसारखं. मी ती मुद्दाम उशिरा लावली होती, उन्हाचा तडाखा बसावा म्हणून. बाकीच्यांनी माना टाकल्या, एक मात्र हिरवंगार उभं राहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, अशी माझी खात्री झाली. मी त्याला लाल चिंधी बांधली आणि मनातल्या मनात बारसंही उरकलं.

काढणीच्या दिवशी नेमकी मीटिंग निघाली. मजूर बायकांना "नीट काढून ठेवा" एवढंच सांगून मी गेले. प्रत्येक झाडाचे बटाटे त्याच्याच खड्ड्यापाशी ठेवायचे, हे सांगायचं राहिलं.

परत येऊन पाहते तर तीन सुबक ढीग: मोठे, मध्यम, बारीक. बाजारात न्यायला करतात तसे. माझी लाल चिंधी एकीने खुरप्याच्या मुठीला गुंडाळली होती.

"येकबी कापला न्हाई बगा, मॅडम," त्यांच्यातल्या थोरल्या मावशी हौसेने म्हणाल्या. मग माझं तोंड पाहून, "काय चुकलं का आमचं?"

"नाही मावशी, छान केलंत," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. ढिगांपुढे उकिडवी बसून एकेक बटाटा फिरवून पाहिला. सगळे एकाच तोंडावळ्याचे. मला रडूच आलं.

पुढच्या हंगामात ते झाडून सगळे बटाटे सुटे सुटे लावले, पुन्हा उशिराच. उन्हात आठ झाडं तगली. पाचांना पांढरी फुलं, तिघांना जांभळी! एका झाडाच्या सगळ्या बटाट्यांना फूल एकाच रंगाचं येतं, म्हणजे वाणं दोन. त्यातलं माझं कुठलं? आदल्या वर्षी एकालाही फूल धरलं नव्हतं, त्यामुळे वही उघडूनही काही उलगडेना. आनंद करावा की कपाळ बडवावं, तेही कळेना.

मग हळूहळू लक्षात आलं. बियांचं रोप नाजूक असतं, बटाट्यातून फुटलेलं दणकट. दुसरं झाड आदल्या वर्षी माझ्या पायाशीच मान टाकून होतं आणि मी त्याला मेल्यात जमा धरलं होतं. बायकांनी सगळ्या झाडांचे बटाटे एकत्र केले नसते, तर त्याचे बटाटे मी नेहमीसारखे उकिरड्यावर फेकले असते. त्याआधी इतकी वर्षं काय काय फेकलं, ते आता कुणाला विचारू?