मुलगा सेटल हाय का?

एकाच इंग्रजी शब्दापायी माझ्या लासुर्ण्याच्या मामांइतका हैराण झालेला माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. तसं त्यांचं इंग्रजीशी भांडण जुनंच. कानावर पडलेला शब्द अर्थ लागेपर्यंत ते सोडत नसत. एकदा आम्ही भिगवणला मासे खायला थांबलो. हॉटेलवाला म्हणाला, "मासं एकदम फ्रेश हायती. पाहुणं, तुमीबी फ्रेश होऊन घ्या." मामा ताडकन उठले. "म्हंजी आमालाबी तळतो का काय?" हात-तोंड धुवायला त्यांना अक्षरशः ओढत न्यावं लागलं.

'सेटल' हा शब्द मात्र त्यांच्या घरात शिरला तो मुलीकडच्या पाहुण्यांबरोबर. माझा मामेभाऊ शेतीचं शिक्षण घेऊन शेडनेटच्या जाळीखाली ढोबळी मिरची पिकवायचा. घर पक्कं, पाणी बारमाही, दारात ट्रॅक्टर. पाहुणे पोहे खायचे, मिरचीचं तोंडभर कौतुक करायचे आणि चप्पल घालता घालता विचारायचे, "समदं झ्याक हाय. पण मुलगा सेटल हाय का?" मामा छाती फुगवून सांगायचे, "सात पिढ्या ह्याच शिवारात हाय आमी. आमच्यापरीस सेटल कोण?" पाहुणे हसायचे. फोन काही यायचा नाही.

मग मामा अर्थ शोधायला निघाले. गुरुजी म्हणाले, स्थिरस्थावर. वकील म्हणाला, भांडण आपसात मिटणं. एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला असलेल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, टाकीतला गाळ तळाला जाऊन बसला की सेटल झाला म्हणायचं. मामा घरी येऊन मामीला म्हणाले, "गाळसुदिक सेटल हुतो गं. आपलंच पोरगं तेवढं न्हाय."

मामी हसली नाही. पाहुणे येणार म्हटलं की भाऊ आता रानात जाऊन बसायचा. पोह्यांचा वाससुद्धा त्याला नकोसा झाला होता. पस्तिशी जवळ आली, तशी एके दिवशी जेवताना मामांनीच तोंड उघडलं. "कंपनीत लाग कुठंतरी."

"आबा, मिरची तोडणीला आलीय."

"मी बगतो मिरचीचं. तू जा."

भाऊ मोटारसायकलवर एमआयडीसीत जाऊ लागला, कंत्राटावर. त्याच वर्षी लग्न जमलं. मांडवात व्याही सगळ्यांना सांगत होते, "जावई सेटल हायत." मामांनी मला बाजूला घेतलं. "कंत्राट वर्साचं, जमीन जल्माची. मग ह्यातलं सेटल कुठलं रं?"

जोडपं बारामतीत भाड्याच्या खोलीत राहायला गेलं. मामांना एकट्याला मिरची झेपेना. गेल्या खेपेला मी गेलो, तेव्हा शेडनेट उतरवून गोठ्यात टाकलं होतं आणि मिरचीच्या जागी मका उभा होता. सुट्टीसाठी आलेली सून बांधावर मामांजवळ बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "आबा, मला हितंच ऱ्हायला आवडलं असतं. पर मला कुणी इचारलंच न्हाय."

मामा बांधावरचं गवत उपटायला लागले.

संध्याकाळी भाऊ तिला घेऊन बारामतीला निघाला. गाडी वळणाआड गेली, तरी मामा बांधावरच. मी जेवायला हाक मारली. "व्हय, आलो," म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.